शेवटच्या ओळीआधी

आमच्या ख्रिस्ती मंडळीची उपासना सकाळी साडेअकराला संपते आणि शेवटी आम्ही जे गीत गातो ते सूर्य मावळल्याचं आहे. बाहेर ऊन मी म्हणत असतं, उसाचा ट्रॅक्टर मोठ्याने गाणी लावून कारखान्याकडे चाललेला असतो, आणि आत आम्ही पंचवीस-तीस माणसं दिवस बुडाला, अंधार पडला, आता सांभाळ, असं देवाला सांगत उभी असतो. नव्या माणसाला हसू येतं. येऊ दे. पूर्वी तीन गावांना मिळून एकच पाळक, म्हणजे धर्मगुरू, होते. सकाळची उपासना साताऱ्याची, दुपारची मधल्या गावाची, आणि संध्याकाळच्या एस.टी.ने ते रहिमतपूरच्या बाजूला आमच्या गावी यायचे. तेव्हा हे गीत वेळेवर होतं. पुढे उपासना सकाळी आली, गीत बदलायचं राहून गेलं. कुणी विषय काढलाच तर मामा म्हणायचे, "कुटंतरी बुडतच आसंल की सूर्य. त्यांच्यासाटी म्हना."

हे गीत मी गेली अडतीस वर्षं पेटीवर वाजवते आहे. मध्ये एकदा मी ते सोडायला निघाले होते. नुसतं गीत नाही. पेटी, हे गाव, आणि खरं सांगायचं तर विश्वाससुद्धा. सांगलीला लेकीकडे खोली तयार होती, कपाटही रिकामं करून ठेवलं होतं तिने. मी का गेले नाही, ते सांगायचं तर मामांपासून सुरुवात करावी लागेल.

मामा माझे नात्याने कुणी नव्हेत. मंडळीतले सगळेच त्यांना मामा म्हणायचे, त्यांच्या बायकोला मामी. तरुणपणी सांगलीकडच्या एका मिशनच्या दवाखान्यात ते ड्रेसर होते, म्हणजे जखमा धुऊन पट्ट्या बांधायच्या. त्याआधी त्याच दवाखान्यात ते रोगी होते. ऐन बाविशीत क्षय झाला, डाव्या अंगाच्या बरगड्या काढल्या, आणि ते फुप्फुस कायमचं मिटलं. दीड वर्ष खाटेवर. तिथे शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याकडून ते गायला शिकले. डॉक्टरांनी गाणं बंद करायला सांगितलं होतं. "म्या म्हनलं, बंद कशाला? आर्धी आर्धी वळ म्हनंन," असं ते सांगायचे, आणि सांगतानाही वाक्याच्या मध्ये दम घ्यायचे.

तर मंडळीत गाणं मामा धरायचे. उभे राहून, डोळे मिटून, उजवा हात खिडकीच्या गजावर. आणि प्रत्येक कडव्याच्या दुसऱ्या ओळीत, बरोबर मध्यावर, ते थांबायचे. दम लागायचा. दोन मात्रा जायच्या, छाती भरायची, मग उरलेली अर्धी ओळ. त्यांच्याबरोबर अख्खी मंडळी थांबायची. मी लग्न होऊन आले तेव्हा हे वर्षानुवर्षं चाललेलं होतं.

मी आले सांगलीहून. आता सांगली-मिरजेच्या माणसाला पेटीचा किती गर्व असतो हे वेगळं सांगायला नको. मी सात वर्षं रीतसर शिकलेले, ताल चुकला की गुरुजी बोटांवर पट्टी मारायचे. पहिल्याच रविवारी सासऱ्यांनी कौतुकाने मला पेटीवर बसवलं. दुसऱ्या ओळीत मंडळी थांबली आणि मी एकटी पुढे निघून गेले. मला वाटलं, लोक चुकले. दुसऱ्या कडव्यात पुन्हा तेच. तिसऱ्यात मी मुद्दाम जोरात वाजवलं, म्हणजे लोकांना ओढून नेता येईल. वय एकवीस, काय बोलणार. उपासना संपल्यावर मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले की इथे ताल कुणालाच कळत नाही का.

मामा हसले. रुमालाने पेटीच्या पट्ट्या पुसत म्हणाले, "पोरी, तुजा हात लय ग्वाड हाय. पन तू आमच्या आदी पोचतीस आन् मग तितं एकटीच हुबी ऱ्हातीस. एकटी काय करतीस तितं?"

घरी येताना सासूबाईंनी हळूच फुप्फुसाचं सांगितलं. मला इतकी लाज वाटली की पुढचे दोन रविवार मी डोकं दुखतंय म्हणून घरी राहिले. तिसऱ्या रविवारी मामा स्वतः बोलवायला आले. चालत. त्यांच्या घरापासून आमच्या घरापर्यंत चढ आहे. चढावर त्यांच्या थांबायच्या तीन जागा ठरलेल्या होत्या: विहिरीजवळची चिंच, बँकेची पायरी आणि पिठाची गिरणी. तिन्ही ठिकाणी लोक त्यांना ओळखायचे, बसा म्हणायचे. त्या दिवशी ते आमच्या दारात आले तेव्हा चौथा थांबा घेऊन पायरीवरच बसले. मी पाणी दिलं. पाणी पिऊन एवढंच म्हणाले, "चल. पेटी वाट बगतीया."

त्यानंतर मी थांबायला शिकले. वाटतं तेवढं सोपं नव्हतं ते. हाताला पुढे जायची सवय असते. भाता भरलेला असतो, बोटं पट्टीवर असतात आणि वाजवायचं नाही. मामा म्हणायचे, "थांबलं म्हंजी संपलं न्हवं. वारं भरून घ्याचं आन् म्होरं जायाचं." ते पेटीबद्दल बोलत होते की छातीबद्दल, मी कधी विचारलं नाही.

मधल्या काळात आमची मंडळी अगदी रोडावली. तरणी मुलं पुण्याला कंपन्यांत गेली, म्हातारी प्रभूच्या घरी. एका पावसाळ्यात तर असे रविवार गेले की मामा, मामी, माझे यजमान आणि मी, एवढेच. पाळकांना पोचायला उशीर. तरी मामा उभे राहून गीताचा क्रमांक भरल्या सभेला सांगावा तसा खड्या आवाजात सांगायचे, आणि तोही दोनदा. मी एकदा वैतागून म्हणाले, "मामा, चौघंच आहोत. हळू सांगितलं तरी चालेल."

"आगं, मागं बसल्यात त्यास्नी ऐकाय जायाला नगं?"

मी मागे वळून बघितलं. बाकं रिकामी.

"तुला दिसत न्हाईत," मामा म्हणाले, आणि एकेका बाकाकडे बोट करून सांगू लागले. खिडकीजवळ पहिली शाळा काढणाऱ्या बाई बसायच्या. खांबाशी तो न्हावी, ज्याला बाप्तिस्मा घेतल्यावर गावात कुणी डोकं देईना म्हणून तो आठवडाभर बाजारगावं फिरायचा, पण रविवारी हजर. दाराशी एक आंधळी आजी. तिला चिमणीएवढासुद्धा आवाज नव्हता, पण शब्द सगळे पाठ. "ही सगळी मानसं हितं बसून ग्येल्याती. आमी थंडावलो तर त्यास्नी काय वाटंल?" त्यांच्या सुरात धाक नव्हता. घरातली मोठी माणसं ओट्यावर बसली आहेत, जरा नीट वागा, असं सांगावं तसं ते सहज होतं. मला त्या वेळी ते म्हातारपणाचं बोलणं वाटलं, पण तेव्हापासून त्या बाकांवर पिशवी ठेवायला मी कचरू लागले.

मामा गेले तेरा वर्षांपूर्वी, वैशाखात. पुढच्या रविवारी पेटीवर बसताना मला एकच काळजी, थांबायचं की नाही. आता दम लागणारा माणूस नाही, थांबायचं कारण नाही. पण दुसऱ्या ओळीच्या मध्यावर माझा हात उचलला गेला, आणि अख्खी मंडळी गप्प. दोन मात्रा. खिडकीच्या गजाकडे कुणी बघत नव्हतं, म्हणजे सगळे बघत होते. मग उरलेली अर्धी ओळ. तेव्हापासून आजपर्यंत ते तसंच चालू आहे. ज्यांनी मामांना पाहिलेलं नाही, सुना होऊन आलेल्या मुली, त्यासुद्धा तिथे थांबतात. विचारलं तर म्हणतात, आमच्यात असंच म्हणतात.

आता यजमानांकडे येते. त्यांचं सगळंच उलट. थांबणं हा प्रकार त्यांना माहीत नव्हता. सतरा वर्षं फौजेत काढलेली. तिथे सातची वेळ दिली की पावणेसातला उभं राहायचं, ती खोड निवृत्तीनंतरही गेली नाही. एस.टी. नऊची असली की हे साडेआठला थांब्यावर. लग्नाच्या पंगतीत पहिली पंगत यांची. रविवारी तर आमच्या घरात ठरलेला तमाशा. हे साडेआठला बूट घालून, भांग पाडून दारात उभे आणि मी अजून ओल्या केसांनी चहाची भांडी घासत. "चल गं, झालं का?" दर दोन मिनिटांनी. मी आतून ओरडायचे, "आलेच." मग पुन्हा "झालं का?" आणि पुन्हा "आलेच." आधी रजेवर आले की, मग दर रविवारी, असा चौतीस वर्षं हा संवाद शब्दही न बदलता चालला. मंडळीचं दार माझ्या घरापासून चार मिनिटांवर आहे, हे सांगितलं पाहिजे.

गातानाही तसंच. आवाज जाड, सूर अंदाजे. मागच्या बाकावर बसायचे आणि शेवटच्या कडव्याची शेवटची ओळ सगळ्यांच्या आधी सुरू करायचे. नेहमी. मी अजून आधीच्या ओळीचा शेवटचा सूर धरून आहे, तोवर मागून यांचा आवाज येऊन धडकायचा. मग मंडळी धावत यांना गाठायची आणि गीताचा शेवट असा घाईगर्दीत व्हायचा. मी घरी येऊन भांडायचे. हे म्हणायचे, "शेवटची ओळ आली की मला मटणाचा वास येतो." मामा जिवंत असताना एकदा मी त्यांच्याकडे तक्रार केली. मामा म्हणाले, "आसूंदे गं. मी मागं ऱ्हातोय, त्यो म्होरं पळतोय. दोगांच्या मदी मंडळी बराबर ऱ्हाती."

यजमानांना स्वादुपिंडाचा कर्करोग निघाला तेव्हा चार महिने राहिले होते. ते आम्हाला माहीत नव्हतं. मंडळीने शुक्रवारचे उपास धरले. मामी त्या वयात, कान गेलेले, गुडघे गेलेले, दर शुक्रवारी येऊन आमच्या ओसरीवर प्रार्थना करायच्या. आमच्या शेजारचे पाटील, ज्यांचा आमच्या देवाशी काही संबंध नाही, तेही विचारायचे की आमी पन धरावं का उपास. एकदा बाहेरगावचा एक प्रचारक आला. त्याने यजमानांच्या पोटावर हात ठेवून ठासून सांगितलं की हा माणूस नाताळला स्वतःच्या पायांनी उपासनेला येणार. मी ते धरून बसले. देवाचा शब्द म्हणून धरलं. यजमानांना नवी पँट शिवायला टाकली, कारण जुन्या सगळ्या सैल झाल्या होत्या.

शेवटचे दहा दिवस आम्ही सांगलीला दवाखान्यात होतो. एक दुपार आठवते. खिडकीतून ऊन त्यांच्या पायांवर आलेलं. मी संत्रं सोलत होते, ते खाणार नाहीत हे माहीत असूनही. ते माझ्याकडे बघत म्हणाले, "तू अशी तोंड पाडून बसू नको. मी जरा आधी पोचतोय, एवढंच. मला सवय आहे."

मी म्हणाले, "असलं बोलायचं नाही. नाताळला घरी जायचंय."

"तू ये सावकाश. तुझं आवरायला वेळ लागतो," ते म्हणाले आणि हसले. दोन दिवसांनी गेले. नाताळला अठरा दिवस होते. नवी पँट शिंप्याकडेच राहिली, आणि शिंप्याने ती गुपचूप माझ्या लेकीकडे दिली हे मला फार नंतर कळलं.

मी देवाशी अबोला धरला. हा शब्द मी हसण्यावारी वापरत नाही. आमच्या घरात नवरा-बायकोचा अबोला दोन दिवसांवर कधी टिकला नव्हता, हा दीड वर्ष टिकला. जेवणाआधी डोळे मिटायचे आणि आत काहीच म्हणायचं नाही. पवित्र शास्त्र उशाशी असायचं, त्यावर चष्मा ठेवायला. लोक म्हणायचे देवाची इच्छा, आणि माझ्या तोंडात असं काही यायचं की मी जीभ चावून धरायचे. त्या प्रचारकाला शिव्या दिल्या, मनातच, पण गावच्या शाळेत इतकी वर्षं शिकवणाऱ्या बाईला येतात त्या सगळ्या.

तरी रविवारी पेटी वाजवायला जात राहिले. दुसरं कुणी वाजवणारं नव्हतं. माझी बोटं मंडळीत जात होती, मी जात नव्हते. आणि त्या शेवटच्या कडव्यात एक भलतंच होऊ लागलं. अंत्यविधीनंतरचा पहिला रविवार. शेवटच्या ओळीआधी माझा हात थांबला. मागून यांचा आवाज येऊन धडकायचा, त्याची चौतीस वर्षांची सवय. हात त्या आवाजाची वाट बघत राहिला. तो आला नाही. एक, दोन, अशा मात्रा गेल्या, मग मी भानावर आले आणि ओळ वाजवली. पुढच्या रविवारी तसंच. मी ठरवायचे आज थांबायचं नाही, आणि हात थांबायचा. पेटी थांबली म्हणून लोकही थांबायचे, पेटी सुरू झाली की गायचे. माझी समजूत अशी की लोकांना वाटत असेल, बाईंचं वय झालं, भाता धरताना दमतात. कुणी काही बोललं नाही. बरं झालं, कुणी बोललं असतं तर मी त्याच दिवशी पेटी सोडली असती.

अशात नवे पाळक आले. नगरकडचे, तरुण, नम्र, आणि दुर्दैवाने संगीत शिकलेले. महिन्याभराने त्यांनी मला विचारलं, "बाई, रागावणार नसाल तर एक बोलू? या गीताचा ताल इथे सगळेच चुकतात."

मला एकवीस वर्षांची मीच समोर दिसले. मी म्हणाले, "हो, चुकतात. तुम्ही सुधारा." आणि मग, खूप दिवस मनात होतं ते बोलून टाकलं. मी सांगलीला जाणार आहे. पेटीवर आता भरवसा ठेवू नका. हल्ली मोबाईलवर गीतांचं नुसतं संगीत मिळतं, स्पीकर आणा, त्यावर लोकांना गायला शिकवा. ते गांगरले. म्हणाले, तुम्ही असताना स्पीकर कशाला? मी म्हणाले, म्हणूनच, मी असतानाच सुरू करा. उरलेलं मी त्यांना सांगितलं नाही. सांगलीला गेले की रविवारी कुठेच जायचं नाही असं मी ठरवलं होतं. लेकीला वाटत होतं आई विश्रांतीला येते आहे. आई देवाला सोडचिठ्ठी देऊन येत होती.

स्पीकरचा रविवार उजाडला. पेटी खणाच्या गवसणीत बंद, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा बायकांच्या बाजूला, मामींच्या शेजारी बाकावर. हात रिकामे, कुठे ठेवावे कळेना. मी गाणार नव्हतेच. वेदीजवळच्या मेजावर तो काळा डबा ठेवला होता. बाकीची गीतं ठीक गेली. मग संध्याकाळचं गीत लागलं. व्हायोलिनं बियोलिनं, मोठा थाट.

पहिल्या कडव्याची दुसरी ओळ. मध्यावर सगळी मंडळी थांबली. डबा कशाला थांबतोय? तो पुढे गेला. मंडळीने दोन मात्रा घेतल्या, वारं भरलं, आणि उरलेली अर्धी ओळ सुरू केली, तोवर डबा तिसऱ्या ओळीत. पाळक हाताने खुणावत होते, चला, चला. दुसऱ्या कडव्यात काहींनी डब्याला गाठायचा प्रयत्न केला आणि मध्यावर आल्यावर त्यांचाही घसा आपोआप मिटला. पुढे कुणीतरी खुदकन हसलं. मला आतून एक दुष्ट आनंद होत होता. मामी तर ऐकूच येत नसल्याने डब्याला ओळखतही नव्हत्या. त्या आपल्या पुढच्यांच्या खांद्यांकडे बघून गात होत्या, खांदे थांबले की थांबायच्या. शेवटच्या कडव्यापर्यंत मंडळीने डब्याचा नाद सोडला होता. तो आपला पुढे कुठेतरी वाजत होता आणि लोक आपलं म्हणत होते.

मग शेवटची ओळ यायची होती, आणि सगळे थांबले.

मी मान वर केली. पेटी बंद होती. माझे हात माझ्या मांडीवर होते. मी तोंडही उघडलं नव्हतं. थांबायला कुणी सांगितलं नव्हतं, आणि पंचवीस माणसं तोंड मिटून उभी होती. म्हातारे, सुना, मागच्या बाकावरचा दूध डेअरीतला मुलगा, सगळे. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. एक. दोन. मग एकदम, एका आवाजात, शेवटची ओळ सुरू झाली.

मी खाली बसले.

बाहेर आल्यावर मामींच्या कानाशी तोंड नेऊन मी विचारलं, "मामी, शेवटच्या ओळीआधी का थांबलात?"

"आं?"

"शेवटच्या ओळीआधी. का थांबता सगळे?"

मामींनी माझ्याकडे असं बघितलं की ही शिकवते कशी पोरांना. "तूच थांबतीस की."

"मी हाताने थांबते. तुम्ही कशाला थांबता?"

"तुजा धनी आदी सुरू करायचा न्हवं का? तू त्येची वाट बगतीस, आमास्नी काय कळत न्हाई व्हय?" त्यांनी पदराने माझं तोंड पुसलं. मी रडते आहे हे मला त्यावरून कळलं. "मग तुला एकटीला कसं थांबू द्याचं तितं?"

दीड वर्ष. दीड वर्ष ती माणसं माझ्याबरोबर त्या जागी उभी राहत होती आणि मला वाटत होतं मी तिथे एकटीच आहे, कुणाला पत्ता नाही. त्यांच्यात ठरलं नव्हतं, कुणी सभेत मांडलं नव्हतं. मामांसाठी थांबायची रीत अंगात होती, तीच त्यांनी माझ्यासाठी वापरली. आणि एक गोष्ट तेव्हा माझ्या ध्यानात आली, जिने मला जास्त हलवलं. मी अबोला धरला होता, विश्वास ठेवायचा नाही असं ठरवलं होतं, पण त्या माणसांनी तेवढा वेळ माझ्या वाटचा विश्वासही सांभाळून ठेवला होता. मी हात आखडला तरी ओळ पुरी होत होती. मामांची ओळ अशीच तर लोकांनी पुरी केली होती, ते मध्येच दमायचे तेव्हा.

त्या दुपारी मी घरी येऊन स्वयंपाकघरात उभ्या उभ्या देवाशी बोलले. पहिलं वाक्य भांडणाचंच होतं. दुसरंही. तुझ्यावरचा माझा राग गेलेला नाही आणि तू मला त्याचं उत्तर देणं लागतोस, असं मी मोठ्याने म्हणाले, तेव्हा शेजारच्या पाटलीणबाईंनी खिडकीतून विचारलं, "बाई, कुनाला बोलतायसा?" मी म्हणाले, घरातल्यालाच. उत्तर मला अजून मिळालेलं नाही. पण अबोला सुटला. भांडणारी बायको नांदते आहे, असं आमच्याकडे मानतात.

लेकीला फोन केला की मी येत नाही. ती म्हणाली, "कपाट मी परत भरत नाही हं. कधी वाटलं तर असू दे." तिच्याकडे मी महिन्या दोन महिन्यांनी जाते, शुक्रवारी, आणि शनिवारच्या एस.टी.ने परत येते. पाळकांनी स्पीकर गुंडाळून ठेवला. पुढच्या रविवारी पेटीची गवसणी त्यांनी स्वतः काढली, पट्ट्या पुसल्या आणि मला विचारलं, "पहिलं थांबणं मामांचं, ते कळलं मला. दुसरं कुणाचं?"

"एका घाईच्या माणसाचं," मी म्हणाले.

मग त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी आपल्या गीतांच्या पुस्तकात दोन्ही जागी पेन्सिलीने बारीक खूण करून घेतली. गेल्या उन्हाळ्यात त्यांची बदली झाली. तिकडून त्यांचा फोन आला होता. नव्या मंडळीत हेच गीत लावलं तर सगळे सरळ पुढे गेले आणि हे एकटे दोन्हीकडे थांबले, लोक बघत राहिले म्हणे. मी म्हणाले, थांबत राहा, येतील.

या गोष्टीला आता दोन वर्षं झाली. मामी गेल्या पावसाळ्यात गेल्या. मागच्या बाकांवर पिशवी ठेवायला मी अजून कचरते, मामा, मामी, हे, आता तर जागाच कमी पडते तिथे. आणि माझा हात बरा झाला आहे. खरंच. शेवटच्या ओळीआधी न थांबता मला आता वाजवता येतं. घरी मी करून बघितलं, सरळ जाते ओळ. म्हणून मागच्या महिन्यात एका रविवारी मी ठरवलं की आज थांबायचं नाही, लोकांना किती दिवस धरून ठेवायचं. कडव्याचा सूर संपला, मी पुढची पट्टी दाबली आणि एकटीच पुढे गेले. मंडळी थांबलेली होती. मामा म्हणाले होते तशी मी तिथे एकटी उभी. मी हात उचलला, मागे आले, आणि त्यांच्याबरोबर थांबले.

आयुष्यात ज्याला कधी दोन मिनिटं थांबता आलं नाही, त्याच्यासाठी आता दर रविवारी अख्खी मंडळी थांबते. दोनच मात्रा असतात. भाता भरलेला असतो, बोटं पट्टीवर असतात. ते तिकडे बूट घालून दारात उभे असणार, भांग पाडून, झालं का म्हणत. मी मनातल्या मनात म्हणते, अहो, आलेच. एवढी एक ओळ राहिलीय.